'ह' गळतो तो आळसाने नव्हे

'टेल हिम'चा उच्चार इंग्रज माणूस 'टेलिम' असा करतो तो निव्वळ आळसापोटी, हे काहींचे मत मला पटत नाही. वाक्यात जोर नसलेल्या सर्वनामांतला 'ह' गळणे प्रमाण ब्रिटिश उच्चारातही नेहमीचेच आहे. लंडनच्या कॉकनी बोलीत 'हाउस'मधलाही 'ह' जातो, ती गोष्ट निराळी. मात्र सर्वनाम वाक्याच्या आरंभी आले किंवा त्यावर मुद्दाम जोर दिला, तर 'ह' शाबूत राहतो: 'आय सॉ हिम, नॉट हर' यात तो दोन्हीकडे ऐकू येतो. 'देम'ऐवजी ऐकू येणाऱ्या 'अम'ची कथा तर उलटीच आहे, कारण ते मुळात 'देम'चे आखूड रूप नसून 'हेम' या जुन्या इंग्रजी सर्वनामाचा अवशेष आहे, आणि 'देम' हेच नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून मागाहून आलेले पाहुणे आहे.

हिंजवडीत परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलणाऱ्या आपल्या मुलांची खरी अडचण बोलण्यात नाही, ऐकण्यात आहे. 'मीट हर'चे 'मीटर' कानावर पडले की पुणेकराला रिक्षाच आठवणार! त्यामुळे शिकवणीत आधी ऐकण्याचा सराव करून घ्यावा. स्पष्ट 'ह' लावून म्हटलेले 'टेल हिम' समोरच्याला कळतेच.