सल्ला हवा: ट्रेकसाठी पावसाळी जॅकेट, बजेट तीन हजार

घोडबंदरची_मृणाल

नमस्कार मंडळी,

मी कासारवडवलीला राहते. यंदापासून ठाण्यातल्या एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर जाणार आहे. जुलैत पेब (नेरळजवळचा किल्ला) आणि ऑगस्टमध्ये कळसूबाई ठरलंय. शिवाय रविवारी सकाळी येऊरला चालायला जाते आणि रोज स्कूटीवरून ठाणे स्टेशन गाठते. या सगळ्याला चालेल असं एकच जॅकेट हवंय. बजेट तीन हजार. वस्तू खरंच चांगली असेल तर थोडं वर गेले तरी हरकत नाही.

दुकानात लेबलांवर २,०००, ५,०००, १०,००० असे आकडे दिसले. तिथला मुलगा म्हणाला, आकडा जितका मोठा तितकं जॅकेट भारी. हे खरं का?

आणखी एक. आधीचं जॅकेट (कंपनीचं नाव घेत नाही) दोनच पावसाळे टिकलं. परवा कपाटातून काढलं तर आतून चिकट झालेलं, खांद्यापाशी पांढरे पापुद्रे सुटलेले. ते कुठे फाटलं नव्हतं, घासलंही गेलं नव्हतं. नुसतं ठेवून ठेवून असं कसं होतं?

पोंचो बरा की जॅकेट, तेही सांगा.

सह्यभटक्या

मृणालताई, तिन्ही कामांना एकच जॅकेट शोधत बसू नका. स्कूटीवर तुम्ही बसून असता, घाम येत नाही, पण पाणी समोरून सपासप येतं. तिथे जाड रेनकोट आणि पँटचा सेट लागतो. तो हवा जाऊ देत नाही, पण तिथे त्याची गरजही नसते. तोच सेट घालून डोंगर चढायला लागलात तर अर्ध्या तासात घामाने इतक्या भिजाल की पाऊस परवडला.

ग्रुपमध्ये नवीन आलेला प्रत्येक जण विचारतो, कोरडं राहायला काय घेऊ? जुलैमध्ये सह्याद्रीत चालताना कोरडं राहता येत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. मग जॅकेटकडून काय हवं ते नीट कळतं: पावसाचा गार मारा थेट अंगावर येऊ नये आणि वाऱ्यात अंगातली ऊब टिकावी.

पेबला नेरळकडून चढताना खालचा टप्पा झाडीचा आहे. वारा नाही, नुसता कुंद दमटपणा. तिथे मी जॅकेट सॅकमध्येच ठेवतो आणि क्विक ड्राय टीशर्टवर भिजत चढतो. वर उघड्यावर वारा लागला की लगेच अंगात घालतो. कळसूबाई मात्र हलक्यात घेऊ नका. १,६४६ मीटर उंची आहे. हजार मीटरला साधारण सहा अंश तापमान उतरतं, म्हणजे ठाण्यात २७ असेल तर माथ्यावर १७-१८ धरा. त्यात कपडे ओले आणि वर वारा. शनिवार-रविवारी शिड्यांपाशी रांग लागते. चालताना गरम असलेलं अंग तिथे उभ्याउभ्या गार पडतं आणि दातावर दात आपटायला लागतात. तिथे जॅकेट हवंच, आणि त्याच्या आत घालायला एक कोरडा टीशर्टही.

तो टीशर्ट कोरडा ठेवायचा असेल तर सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका. पाठीकडून पाणी आत येतंच. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला, सगळं सामान त्यात भरा आणि तोंडाला पीळ देऊन बांधा.

आकड्यांचं आमचे कळव्याचे काका सांगतील. त्यांचा तो धंदाच.

कळव्याचा_कापडवाला

हाक मारलीस म्हणून सविस्तर लिहितो. कोटिंगच्या कापडात माझी उभी हयात गेली. मृणाल, तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना?

तो आकडा पाण्याच्या दाबाचा असतो. कापड ताणून घट्ट बसवतात आणि त्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात. तिसरा थेंब कापडातून फुटला की तिथला दाब मिलिमीटरमध्ये नोंदवतात. १०,००० म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ. काही लेबलांवर श्मर्बर असं लिहिलेलं असतं, तेही मिलिमीटरच समज.

आता पावसाचा थेंब काही दहा मीटर पाण्याचा दाब देत नाही. दाब येतो तो सॅकच्या पट्ट्याखाली, ओल्या कातळावर टेकलीस तर बुडाखाली, कोपर टेकवलंस तर तिथे. २,०००चं जॅकेट येऊरच्या फेरीला ठीक, पण सॅक घेऊन दिवसभर चालायचं तर खांद्याला झिरपेल. आपल्याकडच्या ट्रेकला ५,००० ते १०,००० भरपूर झालं. त्यापुढच्या आकड्याला जास्त पैसे मोजू नकोस.

दुसरा आकडा वाफेचा. घामाची वाफ कापडातून किती बाहेर जाते ते चौरस मीटरला २४ तासांत किती ग्रॅम असं लिहितात. १०,००० लिहिलंय म्हणजे तासाला साधारण ४१७ ग्रॅम, तेही प्रयोगशाळेत. चढणीवर माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज येतो. मग उरलेला घाम जाणार कुठे?

त्याहून मोठी अडचण आपल्या हवेची आहे. वाफ कापडातून आपणहून बाहेर जात नाही. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असला तरच ती ओढली जाते. पाच अंशांच्या गार हवेत हा फरक मोठा असतो. आपल्याकडे जुलैत २७ अंश आणि हवा पाण्याने भरलेली, त्यामुळे हा फरक तिथल्या निम्म्याहूनही कमी उरतो. परदेशात ज्या जॅकेटचे गोडवे गातात ते इथे घामटं वाटतं ते याच कारणाने. जॅकेटात खोट नसते, त्याला काम करायला इथे हवाच अनुकूल नसते. गोअर-टेक्स या महागड्या कापडाचंही तेच. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) झटक्यात ताणून त्याचं सूक्ष्म छिद्रांचं पापुद्र्यासारखं कापड बनवलं. पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही, वाफ बाहेर जाते. अस्सल काम आहे आणि हिमालयात जाणाऱ्याने जरूर घ्यावं. सह्याद्रीच्या पावसाळ्यासाठी तेवढे पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत.

म्हणून आकड्यांपेक्षा उघडझाप बघ. काखेखाली झिप आहे का? चांगली वीतभर लांब, खाली कमरेच्या दिशेने उघडणारी. पुढची झिप दोन्ही टोकांनी उघडते का? खिशांना आतून जाळी आहे का? असेल तर खिसे उघडे ठेवून हवा खेळवता येते. आपल्या हवेत घाम बाहेर काढायचा खरा मार्ग हाच.

शिवण मात्र डोळ्यांत तेल घालून बघायची. जॅकेट उलटं कर. प्रत्येक शिवणीवर आतून बोटभर रुंदीची गुळगुळीत पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. खांद्याला आणि हुडला असते, पण काखेत आणि बाहीच्या लांब शिवणीवर नसते अशी बरीच जॅकेटं मिळतात. शिवणीतलं प्रत्येक भोक म्हणजे सुईने पाडलेली गळती. नखाने पट्टीचं टोक हलकेच उचलून बघ. नव्या मालातच उचललं जात असेल तर तो तुकडा सरळ परत ठेव.

तुझं जुनं जॅकेट का गेलं ते सांगतो. आतून पीयूचं, म्हणजे पॉलीयुरेथेन या प्लास्टिकचं, कोटिंग असतं. ओलावा आणि उष्णता मिळाली की त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात. आधी चिकट होतं, मग पापुद्रे सुटतात. ठाण्याच्या हवेत, दमट कपाटात, पिशवीत घडी घालून कोंबलं की हे लवकर होतं. एकदा सुरू झालं की इलाज नाही, त्यावर खर्च करू नकोस. नवीन घेतलंस की पावसाळा संपल्यावर धुऊन, पूर्ण वाळवून, हँगरला मोकळं टांगून ठेव. पिशवीत दाबून ठेवायचं नाही.

पामबीच_सायकल

काकांना अनुमोदन. मी नेरूळहून पहाटे सायकलवर निघतो, खारघरची चढण घेऊन परत. सायकलवर वॉटरप्रूफ जॅकेट वापरतच नाही. पातळ विंडचीटर घालतो, तो भिजतो आणि अंगावरच सुकतो. जॅकेट घ्यायचंच असेल तर पाठीमागे लांब असलेलं घ्या, वाकल्यावर कंबर उघडी पडत नाही.

निशा_वाशी

मृणाल, बायकांच्या मापाचं थोडं लिहिते. दुकानात हे कुणी सांगत नाही.

ट्रायल करताना टीशर्टवर नुसतं घालून आरशात बघू नकोस. सॅक पाठीला लाव, कंबरेचा पट्टा आवळ आणि मग दोन्ही हात वर कर, शिडी पकडल्यासारखे. जॅकेट वर सरकून पोट उघडं पडतंय का बघ. पट्ट्याखाली खिसे दाबले जातात का तेही बघ. बऱ्याच लेडीज जॅकेटांना कंबरेत इतकं बारीक कापलेलं असतं की आत दुसरा थर घातला की छातीवर झिप ओढली जाते. मी सरळ एक साइज मोठं घेते.

हात वर करून दुसरी गोष्ट कळते ती मनगटाची. रॉक पॅचवर किंवा शिडीवर हात वर असतात, पाणी तळहातावरून बाहीत शिरतं आणि कोपरापर्यंत ओघळतं. मनगटाला नुसतं इलॅस्टिक असेल तर ते थांबत नाही. वेल्क्रो हवा, घट्ट आवळता येणारा.

हुडला पुढे टोपीसारखी कडक कड असावी आणि मागे आवळायची दोरी. मान वळवल्यावर हुड बरोबर वळला पाहिजे. नाहीतर बाजूला बघायला गेलं की डोळ्यांसमोर कापडच येतं, आणि निसरड्या वाटेवर ते धोक्याचं आहे.

रंग भडक घे. केशरी, पिवळा, पोपटी, काहीही. काळं-राखाडी नको. धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, तिथे लीडरला तुझा रंग दिसायला हवा.

तळोजा_शिफ्ट

स्कूटीबद्दल माझ्याकडून. मी नेरूळ ते तळोजा एमआयडीसी रोज बाइकवर जातो. झिपवर झाकण असलेला, बटणं किंवा वेल्क्रोने बंद होणारा जाड रेनकोट आणि वेगळी पँट घ्या. मागे रिफ्लेक्टरची पट्टी हवीच. हजार-पंधराशेत चांगला सेट मिळतो. पँटच्या बैठकीची शिवण नक्की तपासा, सगळ्यात आधी गळते ती तीच. ट्रेकचं जॅकेट रोज स्कूटीवर घासू नका, वर्षात वाया जाईल.

सह्यभटक्या

पोंचोचं राहिलं. सॅकसकट सगळं झाकतो, खालून हवा येते, स्वस्त असतो. कर्नाळा, माथेरानचे रुंद रस्ते, येऊर, सगळीकडे मस्त. पण शिडीवर त्याच्या घेरामुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि डोंगराच्या सोंडेवर वारा शिरला की तो शिडासारखा फुगतो आणि माणसाचा तोल जातो. पेबला शिडी आहे, कळसूबाईला शिड्या आहेत. दोन्हीकडे पोंचो नको. छत्रीचंही तसंच, झाडीत छान, उघड्या माथ्यावर नको.

घोडबंदरची_मृणाल

काका, अगं-तुगंच करा, बरं वाटतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

आज पुन्हा दुकानात गेले आणि सांगितल्याप्रमाणे जॅकेटं उलटी करून बघितली. दोन आवडली. एक २,४००चं: ५,००० मिमी, सगळ्या शिवणींना पट्टी, काखेत लांब झिप, केशरी. दुसरं ३,६००चं: १०,००० मिमी, कापड फार सुंदर, वजनाला हलकं, पण काखेत झिप नाही आणि रंग गडद निळा. सॅक लावून हात वर करून दोन्ही पाहिली. पहिलं थोडं ढगळ आहे, पण वर सरकत नाही.

आणि काका, दुकानात कापडावर पाणी टाकलं तर मोत्यासारखं घरंगळत होतं. माझं जुनं मात्र सुरुवातीपासूनच पाणी प्यायचं. ते कोटिंगमुळेच का?

कळव्याचा_कापडवाला

पहिलंच घे, डोळे झाकून. वरचे बाराशे स्कूटीच्या सेटला जातील.

पाणी घरंगळतं ते कापडावरच्या पाणी झटकणाऱ्या बाहेरच्या थरामुळे, आतल्या कोटिंगमुळे नाही. तो थर मळाने, घामाने, साबणाच्या उरलेल्या अंशाने मंदावतो. मग बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं, अंगाला गार चिकटतं आणि वाफेचा जो काही मार्ग होता तोही बंद होतो. पाणी आत आलेलं नसतं, पण माणसाला वाटतं जॅकेट गळलं.

उपाय घरचाच. सौम्य द्रव साबणात हाताने धू, फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, आणि साबण जाईपर्यंत तीन-चार पाण्यांतून काढ. सावलीत वाळव. मग लेबलवर इस्त्रीची परवानगी असेल तरच वर सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरव. उष्णतेने तो थर पुन्हा जागा होतो. एवढं करूनही पाणी घरंगळलं नाही तर स्प्रे मिळतो, तो मार.

घरी आणलंस की ट्रेकची वाट बघत बसू नकोस. बिल जपून ठेव, टॅग काढू नकोस. पातेल्यावर जॅकेटचा खांद्याचा भाग सैल ठेव, शिवण मधोमध येईल असा, त्यात वाटीभर पाणी ओत आणि अर्धा तास तसंच राहू दे. मग खालून बोट फिरव. शिवणीपाशी ओल लागली तर त्याच दिवशी बदलून आण.

निशा_वाशी

आणि पेबला जाताना पायात काय घालणार आहेस, तेही सांग. बूट की सँडल? शेवाळलेल्या कातळावर जॅकेटपेक्षा तेच जास्त महत्त्वाचं. वेगळा धागा काढ, मी तिथे लिहिते.