अमेरिकन नागरिकत्व परीक्षा: लिंकन यांच्या कार्याविषयी एक शंका

प्रश्न (दादरहून)
माझी मावशी न्यू जर्सीत मुलाकडे राहते आणि सध्या अमेरिकन नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करत आहे. मी मुंबईहून फोनवर तिची उजळणी घेतो. अब्राहम लिंकन यांचे एक महत्त्वाचे कार्य सांगा, या प्रश्नाला २००८ च्या प्रश्नसंचात गुलामांची मुक्तता, संघराज्याचे रक्षण आणि यादवी युद्धातील नेतृत्व अशी तीन उत्तरे दिलेली आहेत. तिची शंका अशी, की लिंकन यांच्या १८६३ च्या जाहीरनाम्याने गुलाम मुक्त झाले असतील, तर १८६५ मध्ये गुलामगिरीवर बंदी घालणारी तेरावी घटनादुरुस्ती कशासाठी करावी लागली?

प्रतिसाद (मुलुंडहून)
मावशींची शंका रास्त आहे. लिंकन १८६० मध्ये निवडून आले, तेव्हा गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेतील राज्ये एकामागून एक फुटून निघाली आणि १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट समटर या किल्ल्यावरील तोफांच्या माऱ्याने युद्धाला तोंड फुटले. आरंभी लिंकन यांचे जाहीर उद्दिष्ट संघराज्य अखंड राखणे एवढेच होते. १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा त्यांनी सरसेनापती या नात्याने, युद्धकालीन अधिकारात काढला. म्हणूनच तो बंडखोर प्रदेशांपुरता मर्यादित राहिला आणि केंटकी, मेरीलँड यांसारख्या संघराज्यात टिकलेल्या राज्यांतील गुलामांना त्याचा लाभ झाला नाही. युद्धानंतर त्याच्या वैधतेला आव्हान मिळण्याची भीती होती, त्यामुळे कायमच्या बंदीसाठी राज्यघटनाच बदलणे भाग होते. जानेवारी १८६५ मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहाने ती दुरुस्ती संमत करावी म्हणून लिंकन यांनी सारे वजन खर्च केले. माझ्या मते हे त्यांचे सर्वांत मोठे काम, आणि अभ्यासात तेच बहुधा मागे पडते. डिसेंबरमध्ये राज्यांची मान्यता पूर्ण झाली. त्याआधीच, एप्रिलमध्ये, त्यांची हत्या झाली होती.

प्रतिसाद (गिरगावहून)
मावशी मुंबईत वाढल्या असतील, तर त्यांना कापसाची हकीकत अवश्य सांगावी. लिंकन यांनी एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली, तेथील कापूस इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला अफाट भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळून येथील अनेक बँका व कंपन्या बुडाल्या. युद्धाची वर्षे अशा रीतीने सहज ध्यानात राहतात.

प्रतिसाद (ठाण्याहून)
हा प्रश्न तोंडी विचारतात आणि तीनपैकी एकच उत्तर पुरते. मावशींना जे इंग्रजीत न अडखळता म्हणता येईल, तेच पक्के करून घ्यावे. मात्र पहिल्या महायुद्धाच्या वेळचे अध्यक्ष वुड्रो विल्सन आणि महामंदी व दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचे फ्रँकलिन रूझवेल्ट, हे दोन प्रश्नही याच बैठकीत घ्यावेत, कारण युद्धांची आणि अध्यक्षांची जोडी लावताना गोंधळ होण्याची शक्यता असते.