'फास्ट' म्हणजे नक्की काय काय?

घाटकोपरकर:
काल दादरला कल्याण फास्टची वाट बघत उभे होतो, लेक सोबत, पाचवीत आहे, सेमी इंग्लिश. बाजूच्या काकू फोनवर म्हणाल्या आज माझा फास्ट आहे, तर ही विचारते बाबा फास्ट म्हणजे जोरात ना, मग काकूंचा फास्ट कसला? वर साडीच्या दुकानातला फास्ट कलर आणि धड्यातलं फास्ट अस्लीप म्हणजे गाढ झोप. पळायचं का झोपायचं ते एकदा ठरवा म्हणे. मी आपला इंडिकेटर बघत बसलो. हे वेगवेगळे शब्द आहेत का एकच?

खिडकीवाला:
एकच. जुन्या इंग्रजीत अर्थ घट्ट, पक्का, हलणार नाही असा. वेग नंतर आला. फास्ट कलर म्हणजे धुतला तरी न सोडणारा रंग, विमानात सीटबेल्ट 'फासन' करा म्हणतात तेही ह्यातलंच. झोपही तशीच, घट्ट लागलेली.

एकादशी_दुप्पट_खाशी:
उपवासाचं तर सोपंय, आपणही उपवास 'धरतो'च की! नेम घट्ट धरायचा. आणि रात्रभराचा उपवास सकाळी मोडतो तो ब्रेकफास्ट. (आमच्याकडे खिचडी, रताळी, बटाट्याचा कीस, वरीचा भात एवढं असतं की धरला कधी आणि मोडला कधी तेच कळत नाही, ते सोडा.)

घाटकोपरकर:
पण घट्टचं जोरात कसं झालं? हे तर उलटंच

खिडकीवाला:
अरे 'जोरात पळ' म्हणतोस तेव्हा जोर म्हणजे ताकदच ना, पण तू अर्थ घेतोस वेगाचा. तिथे पण तसंच, आधी नेटाने पळणं, मग नुसतंच भरभर पळणं.

स्लो_बरी:
घड्याळ फास्ट राहिलं की! आमच्या हॉलमधलं मुद्दाम 10 मिनिटं पुढे ठेवलंय, सगळ्यांना माहितीय त्यामुळे कोणीच लवकर निघत नाही 😄 बाकी आम्हा विक्रोळीकरांना विचाराल तर फास्ट म्हणजे समोरून धडधडत निघून जाते ती.

घाटकोपरकर:
लेकीला सगळं सांगितलं. म्हणाली, मग काल कुर्ल्याच्या अलीकडे वीस मिनिटं जागची हलली नाही ती गाडी खरी फास्ट होती.