क्लाइस्टचं ‘फुटका घडा’ खानापूरकडं आणताना

जांबोटी_रंगमंच: हाइनरिश फॉन क्लाइस्टच्या या जर्मन प्रहसनाचं रूपांतर चाललंय. न्यायाधीश आडम रात्री ईव्हच्या खोलीतून पळताना तिच्या आईचा, मार्थाचा, घडा फोडतो आणि सकाळी त्याचाच खटला स्वतः चालवतो. काळ पहिल्या महायुद्धाचा, गाव खानापूर तालुक्यातलं. न्यायाधीश आडमचा मामलेदार केलाय, तपासणीला येणाऱ्या वाल्टरचा प्रांतसाहेब. मध्यंतर ठेवावं का? बर्फातल्या पाऊलखुणांचं काय करायचं? घडा दर प्रयोगाला नवा लागेल?

निपाणीकर: मध्यंतर अजिबात नको. 2 मार्च 1808 ला वायमारमध्ये कवी गटेनं पहिला प्रयोग केला, या सलग नाटकाचे तीन अंक पाडले आणि ते साफ आपटलं. गुन्हेगारच खटला चालवतोय हे प्रेक्षकाला लवकर उमगतं. पुढची सगळी रंगत त्याच्या थापांवर थापा रचण्यात आहे. पडदा पडला की त्याला उसंत मिळते, तिथंच नाटक बसतं. कात्री 12 व्या प्रवेशाला लावा. त्याचा लांबलेला शेवट क्लाइस्टनंच 1811 च्या छापील प्रतीत आखडून, जुना मजकूर मागं पाठभेद म्हणून जोडला. तुमच्या हातातल्या भाषांतरात यातला कुठला आहे ते आधी बघा. इंग्रजी रूपांतरांत जॉन बॅनव्हिलनं ते आयर्लंडात नेलं, ब्लेक मॉरिसननं यॉर्कशरमध्ये. त्यांवरून काम करू नका, रूपांतराचं रूपांतर होतं.

पडद्यामागं: बर्फाऐवजी तांबडा चिखल. पण रात्री पाऊस उघडलाच पाहिजे, नाहीतर ठसे धुऊन जातील आणि साक्षच उरणार नाही. आडमचा एक पाय वाकडा, म्हणून ठसा खुरासारखा. ठसे पाहिलेल्या म्हातारीच्या तोंडी सैतानाचा देवचार करून द्या: “धाच्या सुमाराला पाऊस उघाडला, आन् देवचार गेला गा हिकडनं! येक पाय माणसाचा, येक घोड्याचा!” पळताना अडकलेल्या आडमच्या केसांच्या टोपाची पगडी करा आणि ती द्राक्षवेलीऐवजी दोडक्याच्या मांडवाला अडकू दे. टोपात मांजर व्याली ही थाप पगडीलाही फिट्ट बसते. मुळात ईव्हच्या होणाऱ्या नवऱ्याला सैन्यातून आशियात धाडणार असं खोटं पत्र दाखवून आडम ईव्हला गप्प करतो. तुम्ही मेसोपोटेमियाच्या आघाडीवर धाडण्याचा हुकूम दाखवा. आपल्याकडं सक्तीची भरती नव्हतीच, तेव्हा हुकूम बनावट आहे हे प्रांतसाहेबाला एका नजरेत कळेल. हे मला मूळ नाटकाइतकंच चोख वाटतं.

नेपथ्य_बेळगाव: घडा रंगमंचावर फुटत नाही, मार्था तो फुटलेलाच आणते. एकच पुरतो. खानापूरच्या कुंभाराकडून जाड काठाचा घ्या, आधी चित्र रंगवा, मग ओल्या गोणपाटात गुंडाळून लाकडी मोगरीनं एकच ठोका द्या. जास्त ठोकलात तर चुरा होतो आणि तुकडे जुळत नाहीत. तुकड्यांवर आतून क्रमांक घाला. कडांना पातळ फेविकॉलचे दोन हात द्या, नाहीतर तालमीतच त्या झडतात.

चित्रावरच मार्थाचं लांब भाषण आहे, पाचव्या चार्ल्सनं नेदरलँड्स मुलाच्या हवाली केल्याचा दरबार. इथं राणी चन्नम्माची कित्तूरची 1824 ची लढाई काढा. भोक मात्र त्या लढाईत पडलेल्या इंग्रज थॅकरेसाहेबावर पाडा, राणी अखंड राहू दे. त्याच्या घोड्याचे नुसते पाय उरले तरी हशा येतो. आकृत्या वीतभर उंच हव्यात, त्याहून लहान असल्या तर मागच्या रांगांना मार्था हवेत बोट दाखवतेय असं वाटतं.