संशोधन म्हणजे फक्त पीएचडी नव्हे

‘कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांचे कोर्स, तिथे कसलं आलंय संशोधन?’ असं कुणीतरी विचारलंय. मोबाइल आणि युबिक्विटस कंप्युटिंग (म्हणजे सगळीकडे पसरलेले, नजरेआडचे संगणक) यांच्यापुरतं बोलायचं तर मला उलटंच वाटतं. संगणकशास्त्रज्ञ मार्क वायझर यांनी १९९१च्या लेखात मांडलेली कल्पनाच अशी, की संगणक आजूबाजूच्या वस्तूंत इतका मुरावा की तो आहे हे जाणवूच नये. आता मुरलाय की नाही, हे बंद प्रयोगशाळेत कसं कळणार?

ब्लूटूथ बीकनचंच घ्या, म्हणजे भिंतीवर लावायचं, सतत सिग्नल सोडणारं छोटं यंत्र. कागदावर हिशेब सोपा: मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने घटतो, त्यावरून फोन कुठे आहे ते काढा. आता हे वाचनालयात लावून बघा. हॉल रिकामा असताना झकास चालतं. माणसं भरली की नकाशावरचा ठिपका या कपाटावरून त्या कपाटावर उड्या मारतो. कारण ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी आपल्या शरीरातलं पाणी शोषून घेतं. फोन हातातून मागच्या खिशात गेला तरी आकडा बदलतो! मग शिडी लावा, बीकन वर चढवा, रीडिंग पुन्हा घ्या. काम चिकाटीचं आहे, आणि वापरून बघायला नर्सिंग किंवा वायरिंग शिकणारी मुलं त्याच इमारतीत असतात.

खरी अडचण वेगळीच. शिक्षकांवर तासांचा बोजा आणि विद्यार्थी दोन वर्षांत पसार. कोड कुणी लिहिला, बॅटऱ्या कधी बदलल्या, याची नोंदवही नसेल तर पुढची बॅच पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात करते.