लिस्बनच्या क्रूझ टर्मिनलपासून पायी गाठता येणारे गच्चीवरील बार: सासूबाईंसह जाण्याजोगे कोणते?

सागरवाट (प्रश्न)

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी, माझे यजमान आणि 71 वर्षांच्या माझ्या सासूबाई असे आम्ही तिघे स्पेन आणि पोर्तुगालच्या किनाऱ्याने जाणाऱ्या क्रूझवर निघणार आहोत. आमचे जहाज आदल्या दिवशी स्पेनमधील काडिझ येथे थांबेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 9 वाजता लिस्बनला लागेल. संध्याकाळी 6.30 पर्यंत जहाजावर परतायचे असून 7 वाजता ते सुटणार आहे.

लिस्बनमध्ये संग्रहालये आणि चर्च यांच्यामागे धावण्याची आमची इच्छा नाही. एखाद्या उंच गच्चीवर दोन तास निवांत बसावे, खाली पसरलेली लाल कौले आणि नदी पाहावी, यजमानांनी वाइन घ्यावी आणि सासूबाईंनी व मी लिंबू सरबत घ्यावे, इतकीच आमची अपेक्षा आहे. नकाशात पाहिले असता टर्मिनलपासून एक किलोमीटरच्या आत असे अनेक बार दिसतात. सासूबाई सपाट रस्त्यावर अर्धा तास सहज चालतात, परंतु पायऱ्या चढताना त्यांचे गुडघे दुखतात. यांपैकी कोणते ठिकाण खरोखर पायी जाण्याजोगे आहे, आणि तिथे बसून सूर्यास्त पाहून वेळेत परत येता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तेजूकाठ

मी कामानिमित्त चार वर्षे लिस्बनमध्ये राहिलो आहे. सर्वप्रथम आपले जहाज नेमक्या कोणत्या धक्क्याला लागणार आहे, याची जहाज कंपनीकडून खात्री करून घ्यावी. बहुतेक मोठी जहाजे आता सांता अपोलोनिया येथील टर्मिनलला लागतात. ही नवी इमारत 2017 मध्ये सुरू झाली आणि ती अल्फामा या जुन्या वस्तीच्या अगदी पायथ्याशी आहे. मात्र शहराच्या पश्चिमेला अल्कांतारा येथेही धक्के आहेत, आणि तिथे उतरल्यास जुने शहर पायी जाण्याच्या अंतरावर राहत नाही. पुढचे सर्व मी सांता अपोलोनिया गृहीत धरून लिहीत आहे.

आपण नकाशावर पाहिलेले एक किलोमीटर खरे आहे, पण लिस्बनमध्ये अंतर आडवे मोजून काही कळत नाही. टर्मिनलच्या दारातून रस्ता ओलांडला की समोर फादू संगीताचे संग्रहालय आहे आणि त्याच्या मागूनच अल्फामाची चढण सुरू होते. तिथून पोर्ताश दू सोल या चौकापर्यंत तरुण माणसाला पंधरा-वीस मिनिटे लागतात, परंतु त्यातील बराचसा भाग पायऱ्यांच्या बोळांचा आहे. उरलेल्या वाटेवर चुनखडकाचे लहान चौकोनी दगड बसवलेले असून ते वर्षानुवर्षांच्या वर्दळीने काचेसारखे गुळगुळीत झाले आहेत, आणि ऑक्टोबरमध्ये एखादी सर जरी येऊन गेली तरी त्यांवरून उतरणे चढण्याहून अवघड होते. सासूबाईंना या वाटेने नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

असे असले तरी पोर्ताश दू सोल मी यादीतून काढून टाकणार नाही. तिथला गच्चीवरील बार प्रत्यक्षात एका वाहनतळाच्या छपरावर आहे. रस्त्याच्या पातळीवरूनच त्यात प्रवेश करता येतो, त्यामुळे आत पुन्हा मजले चढावे लागत नाहीत. समोर साओ व्हिसेंते दे फोरा मठाचे दोन पांढरे मनोरे, राष्ट्रीय स्मृतिमंदिराचा घुमट, उतरत गेलेली कौले आणि सर्वांत खाली आपलेच जहाज दिसते. टर्मिनलबाहेर टॅक्सी आणि टुक-टुक (पर्यटकांसाठीच्या रिक्षा) उभ्या असतात. वर जाताना त्यातून जावे आणि येतानाही तेच करावे. टुक-टुकचे दर बसण्यापूर्वीच ठरवावेत.

सूर्यास्ताबद्दल मात्र एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अल्फामाचा हा उतार पूर्व आणि दक्षिण दिशांना तोंड करून आहे, आणि सूर्य मावळतो तो साओ जोर्जे या जुन्या किल्ल्याच्या टेकडीमागे. ‘सूर्यास्तासाठी सर्वोत्तम’ अशा यादीत हा चौक अनेकदा आढळतो, पण संध्याकाळी तिथे बसलेल्या माणसाला सूर्य दिसत नाही. सर्वांत आधी येणारी सावली तेवढी त्याच्या वाट्याला येते. या गच्चीची खरी वेळ सकाळची आहे.

पायवाट

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. तरीही प्रश्न पायी जाण्याचा आहे आणि सासूबाई सपाट रस्त्यावर अर्धा तास चालू शकतात, तेव्हा टॅक्सीचा आधार न घेता जमेल असा मार्ग सांगतो.

टर्मिनलमधून बाहेर पडून अल्फामात शिरण्याऐवजी नदी डाव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे चालावे. पंधरा-वीस मिनिटांत प्रासा दू कोमेर्सियू हा नदीकडे उघडणारा विस्तीर्ण चौक येतो. वाटेत बसायला बाकही आहेत. चौकाच्या मागे बायशा हा भाग सुरू होतो. 1755 च्या भूकंपानंतर हा भाग पूर्णपणे नव्याने आखला गेला, म्हणून तो सपाट आहे आणि त्याचे रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे आहेत. अल्फामा त्या भूकंपातून बरेचसे वाचले, त्यामुळे त्याचे वेडेवाकडे बोळही तसेच राहिले. सासूबाईंच्या गुडघ्यांचा प्रश्न असा पावणेतीनशे वर्षे जुना आहे, असे गमतीने म्हणता येईल.

बायशातून सरळ उत्तरेकडे आणखी दहा-पंधरा मिनिटे चालत गेल्यास मार्तिम मोनीझ चौक येतो. त्याच्याजवळ हॉटेल मुंदियालच्या सर्वांत वरच्या मजल्यावर रूफटॉप बार आहे. चौकाच्याच कडेला एका साध्याशा, बाहेरून काहीसा कळकट वाटणाऱ्या व्यापारी संकुलाच्या सहाव्या मजल्यावर ‘टोपो’ नावाचा दुसरा बार आहे. दोन्हीकडे लिफ्टने जाता येते आणि दोन्हींसमोर किल्ल्याची टेकडी उभी असते. दुपारनंतरचे ऊन त्या तटबंदीवर पडते तेव्हा दगड मधाच्या रंगाचे होतात. सूर्य स्वतः दिसला नाही तरी त्याचे काम तिथे छान दिसते. टोपोच्या संकुलात शिरताना आपण चुकीच्या इमारतीत आलो की काय, अशी शंका येईल, परंतु परत फिरू नये.

हा एकूण रस्ता पाऊण तासाच्या आतला आहे आणि मध्ये चौकात थांबल्यास तो दोन तुकड्यांत विभागला जातो. परतताना पाय थकले असतील तर मार्तिम मोनीझ येथून मेट्रोची हिरवी मार्गिका पकडून बायशा-शियादो येथे निळ्या मार्गिकेत बदलावे. तिचे शेवटचे स्थानक सांता अपोलोनिया आहे आणि तिथून टर्मिनल काही मिनिटांवर आहे. 28 क्रमांकाची प्रसिद्ध ट्राम मार्तिम मोनीझहूनच सुटते, पण तिच्यासाठी लागणाऱ्या रांगेत आपल्या निवांत दोन तासांपैकी एक तास सहज निघून जाईल.

बायशातून वर जाण्याची आणखी एक सोय फारशी कुणी सांगत नाही. रुआ दुश फांकैरूश या रस्त्यावरील एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट असून ती विनामूल्य आहे. ती वरच्या रुआ दा मादालेना रस्त्यावर सोडते. तिथून काही पावलांवर शाओ दू लोरैरू येथे वाहनतळाच्या इमारतीतील दुसरी लिफ्ट किल्ल्याच्या बाजूच्या रस्त्यापर्यंत नेते. त्या इमारतीच्या माथ्यावरही बसण्याची गच्ची आहे आणि बायशाची कौले तिथून पश्चिमेकडे पसरलेली दिसतात. लिफ्ट बंद असण्याची शक्यता नेहमीच असते, म्हणून ही पहिली निवड म्हणून सुचवत नाही.

दीपगृह

जागांविषयी वर पुरेसे लिहिले गेले आहे. माझा मुद्दा घड्याळाचा आहे.

पोर्तुगालची वेळ स्पेनच्या वेळेपेक्षा एक तासाने मागे आहे. आपले जहाज काडिझहून येत आहे. काही जहाजे लिस्बनला पोहोचण्यापूर्वी आपली घड्याळे मागे घेतात, तर काही केवळ एका दिवसाच्या थांब्यासाठी स्पेनचीच वेळ चालू ठेवतात. मोबाइल फोन मात्र किनाऱ्यावरील जाळ्याशी जोडला गेला की आपोआप पोर्तुगालची वेळ दाखवू लागतो. समजा जहाजाने वेळ बदलली नाही, तर ‘6.30 पर्यंत परतावे’ याचा अर्थ आपल्या फोनवर 5.30 असा होतो. आम्ही याच मार्गावर गेलो होतो तेव्हा एका गच्चीवर आरामात दुसरा पेला मागवत असताना शेजारच्या टेबलावरील सहप्रवासी घाईघाईने उठताना दिसले आणि आमच्या लक्षात ही गोष्ट आली. त्यानंतरची पंधरा मिनिटे आठवण्यासारखी असली तरी सुखद नव्हती. त्यामुळे उतरताना दाराशी लावलेल्या फलकावरील जहाजाची वेळ पाहून एक साधे मनगटी घड्याळ त्याप्रमाणे लावून घ्यावे.

दुसरे असे की, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लिस्बनमध्ये सूर्य स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी 7 च्या सुमारास मावळतो. म्हणजे जहाजाचे घड्याळ कोणतेही असो, गच्चीवरील बारमध्ये बसून सूर्यास्त पाहणे आपल्याला शक्य नाही, आणि मला विचाराल तर त्याची गरजही नाही. आपल्याजवळ शहरातल्या बहुतेक गच्च्यांहून चांगली गच्ची आहे, ती म्हणजे जहाजाचा सर्वांत वरचा डेक. धक्का सोडल्यानंतर जहाज तेजू नदीतून पश्चिमेला, म्हणजे मावळतीच्याच दिशेने जाते. उजव्या हाताला प्रासा दू कोमेर्सियू मागे पडतो आणि पुढे ‘25 एप्रिल’ हा लाल झुलता पूल येतो. 1966 मध्ये खुला झालेला हा पूल पाण्यापासून सुमारे 70 मीटर उंचीवर आहे. मोठे जहाज त्याखालून जाताना धुराडे आता पुलाला घासणार असेच वाटते. पुलाच्या काही मार्गिका लोखंडी जाळीच्या असल्यामुळे वरून जाणाऱ्या मोटारींचा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा अखंड गुंजारव ऐकू येतो, तो कॅमेऱ्यात नीट सापडत नाही. डाव्या तीरावर क्रिश्तू रै हा ख्रिस्ताचा उंच पुतळा आणि त्यानंतर उजवीकडे बेलेंचा बुरूज दिसतो. डेकवर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना मोकळे जाता येईल अशी जागा सुटण्यापूर्वीच धरावी, कारण अर्धे जहाज तिथे येते.

तेजूकाठ

डेकविषयी दीपगृह यांनी जे लिहिले आहे, त्याला माझा दुजोरा आहे. तिथे राहत असताना मी ती जहाजे नेहमी काठावरून पाहिली आणि प्रवाशांचा थोडा हेवाही केला.

आधीच्या उत्तरात राहून गेलेल्या दोन-तीन व्यावहारिक गोष्टी जोडतो. हॉटेलांच्या गच्चीवरील बार सकाळी उघडे असतीलच असे नाही. अनेक ठिकाणी दुपारनंतरच सुरुवात होते, म्हणून त्या दिवसाची वेळ आधी पाहून घ्यावी. अल्फामातील काही लहान हॉटेलांच्या गच्च्यांची छायाचित्रे सर्वत्र फिरतात, विशेषतः लाल तळाचा छोटा तरणतलाव असलेल्या मेमो अल्फामा या हॉटेलची. मात्र अशा ठिकाणी जागा मोजक्या असतात आणि निवासी पाहुण्यांना प्राधान्य मिळते, तेव्हा केवळ त्या भरवशावर चढण चढू नये.

यजमानांना वाइन घ्यायचीच असेल तर पांढरी पोर्ट (पोर्तुगालची गोडसर, कडक वाइन) आणि टॉनिक यांचे थंड मिश्रण अवश्य मागवावे. दुपारच्या उन्हात ते साध्या वाइनपेक्षा अधिक रुचते. बिअर हवी असल्यास ‘इंपेरियाल’ म्हणावे, म्हणजे 200 मिलिलिटरचा लहान पेला मिळतो. सरबतासाठी ‘लिमोनादा’ हा शब्द पुरेसा आहे, साखर वेगळी सांगावी लागते. आपण न मागवता टेबलावर पाव, लोणी किंवा ऑलिव्ह आणून ठेवले तर ते फुकट नसतात. नको असल्यास हात न लावता परत करावेत, त्यात कुणालाही अपमान वाटत नाही.

सागरवाट

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने उत्तरे दिलीत, याबद्दल मनापासून आभार. आमचे जहाज सांता अपोलोनियालाच लागणार असल्याचे आज कंपनीने कळवले आहे. जहाजावरील वेळ बदलणार की नाही, याचे उत्तर मात्र त्यांनी ‘आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकात पाहावे’ असे दिले.

सकाळी टॅक्सीने पोर्ताश दू सोल येथे जाऊन ऊन कोवळे असेपर्यंत बसायचे, तिथून टॅक्सीनेच प्रासा दू कोमेर्सियू येथे उतरून सपाट रस्त्याने मार्तिम मोनीझकडे चालत जायचे, दुपारी टोपोमध्ये जेवायचे आणि मेट्रोने परतायचे, असे आम्ही ठरवत आहोत. सासूबाईंना हा बेत वाचून दाखवला तेव्हा त्यांनी पुलाखालून जाताना ऐकू येणाऱ्या आवाजाचा भाग दोनदा वाचायला लावला आणि डेकवरची जागा धरण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली आहे. एकच शंका उरते: पोर्ताश दू सोल येथून परतीची टॅक्सी त्या चौकातच मिळते, की आधी बोलावून ठेवावी लागते?

पायवाट

चौकात टुक-टुक नेहमीच असतात, टॅक्सी मात्र हमखास मिळेल असे नाही, म्हणून बिल मागवतानाच अॅपवरून बोलवावी. ट्रामचे रूळ त्याच अरुंद रस्त्यावरून जात असल्यामुळे गाडी फार वेळ थांबू शकत नाही. त्यामुळे सासूबाईंना आधीच बाहेर आणून चौकातील पुतळ्याजवळ उभे राहावे.

दीपगृह

आणि ते मनगटी घड्याळ सासूबाईंच्याच हाताला बांधावे.