होसूरला तातडीचा माल उतरवल्यावर परतीचे भाडे कसे मिळवावे?

मालवाहू_चाकण यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे स्वतःची एक चौदा फुटी बंदिस्त बॉडीची गाडी आहे आणि गेल्या दीड वर्षापासून ती मीच चालवतो. चाकण आणि रांजणगाव येथील कारखान्यांमधून वाहनांचे सुटे भाग तातडीने तामिळनाडूतील होसूरला पोचवणे हे माझे मुख्य काम आहे. तिकडच्या कारखान्यात एखाद्या भागाचा साठा संपत आला आणि लाइन थांबायची वेळ आली की मला रात्री दहा-अकराला फोन येतो, तासाभरात गाडी गेटवर लावावी लागते आणि पुढचे साडेआठशे-नऊशे किलोमीटर सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर असे सलग गाठावे लागतात. चार टनांच्या गाडीत कधी कधी सहाशे किलोच्याही क्रेट नसतात, पण भाडे पूर्ण गाडीचे मिळते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

अडचण परतीची आहे. मागच्या महिन्यात शुक्रवारी पहाटे माल उतरवला, पोच पावतीवर शिक्का घेतला आणि परतीच्या मालासाठी थांबलो, तो रविवारी रात्रीपर्यंत थांबूनच राहिलो. एका दलालाने शनिवारी दुपारी नक्की भरती आहे असे सांगितले, संध्याकाळी सोमवारवर ढकलले आणि नंतर फोन उचलणेच बंद केले. शेवटी रिकामी गाडी घेऊन निघालो. तेवढ्या काळात चाकणहून दोन तातडीचे फोन येऊन गेले, आणि दोन्ही फेऱ्या दुसऱ्याला मिळाल्या.

माझे विचारणे असे की, परतीच्या मालासाठी किती वेळ थांबणे योग्य, तो ॲपवर शोधावा की दलालाकडे, आणि भाडे किती कमी झाले तरी स्वीकारावे?

घाटवाट यांचा प्रतिसाद

दादा, मी या रस्त्यावर सतरा वर्षे गाडी चालवली, आता माझ्या तीन गाड्या आहेत. थांबण्याविषयी आधी सांगतो. ज्याचा धंदा तातडीच्या फेऱ्यांचा आहे, त्याने जाण्याचे भाडे ठरवतानाच परतीचे डिझेल आणि टोल त्यात धरले पाहिजेत. आपली गाडी रिकामी लिटरला दहा किलोमीटर देत असेल, तर परत यायला सुमारे ९० लिटर डिझेल लागते, म्हणजे ९० रुपयांच्या दराने ८,००० रुपयांच्या आसपास, त्यावर टोल. एवढा खर्च जाण्याच्या भाड्यात बसत नसेल, तर ते भाडे मुळातच कमी आहे आणि ती तूट परतीच्या मालातून भरून काढण्याच्या नादात माणूस तीन दिवस अडकतो. खर्च बसत असेल, तर परतीचे भाडे ही वरची कमाई होते आणि नको त्या भाड्याला नाही म्हणण्याची ताकद आपल्यात राहते. मी स्वतः माल उतरवल्यापासून बारा तासांपेक्षा जास्त थांबत नाही.

दुसरे असे की, होसूरमध्येच पुण्याचा माल मिळाला पाहिजे हा हट्ट सोडावा. तिथे आपल्यासारख्या बाहेरच्या गाड्या रोज रिकाम्या होतात, त्यामुळे भाव पडलेलाच असतो. त्याऐवजी घराच्या दिशेने निघावे आणि वाटेत भरावे. बंगळूरच्या पुढे नेलमंगल आणि दाबसपेट या पट्ट्यात गोदामे आहेत, ती आपल्याच महामार्गावर आहेत. तुमकुराहून थोडी वाट वाकडी केली की तिपटूर लागते, आणि तिथल्या बाजारातून खोबरे महाराष्ट्रात येते. पुढे हावेरी जिल्ह्यात ब्याडगी आहे, तिथल्या मिरचीला पुण्यात आणि कोल्हापुरात कायम मागणी असते. जितके पुढे येऊन भराल, तितके भाडे रकमेने कमी, पण वायाला गेलेला वेळही कमी. माझा हिशेब किलोमीटरवर नसतो, गाडी किती दिवसांत परत चाकणच्या गेटवर उभी राहते यावर असतो.

मिरचीबद्दल मात्र अनुभवाने सांगतो. एकदा मी ब्याडगीची मिरची मार्केट यार्डात उतरवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेअरिंगच्या क्रेट भरायला गाडी लावली. गेटवरच्या मुलाने दार उघडले, त्याला शिंकांवर शिंका आल्या, फळ्यांच्या फटींत तांबडी पूड दिसत होती, आणि गाडी परत पाठवली गेली. तेव्हापासून मिरची भरायच्या आधी मी तळाला जाड ताडपत्री अंथरतो आणि माल उतरला की बॉडी धुऊन, दारे उघडी ठेवून वाळवतो.

बिल्टीवाला यांचा प्रतिसाद

मी पुण्यात एका हुंडेकऱ्याच्या, म्हणजे मालवाहतूक ठेकेदाराच्या, कार्यालयात बारा वर्षे बुकिंग पाहतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. आपण परतीचा माल परमुलखात शोधता, आणि मला वाटते चूक तिथेच होते. शेतमालाच्या व्यवहारात पुष्कळदा भाडे माल घेणारा देतो, म्हणजे बिल्टी (मालासोबतची वाहतुकीची पावती) ‘टू-पे’ असते. खोबरे किंवा मिरची मागवणारा व्यापारी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार विभागात बसलेला आहे. आपण फेरी नसलेल्या दिवशी तिथे जाऊन तीन-चार दुकानदारांना भेटावे, आपली गाडी, तिची क्षमता आणि तिची वाट सांगावी. त्यानंतर चाकणहून निघताना रात्री एक संदेश पाठवायचा, की उद्या संध्याकाळी गाडी तुमकुरात रिकामी असेल. त्यांच्या तिकडच्या अडत्याला त्यांनीच फोन केला, तर आपल्याला अनोळखी दलालाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. ओळख एका फेरीत होत नाही, पण दोन-तीनदा पोती कोरडी आणि वेळेवर पोचली की दुकानदार स्वतःहून विचारू लागतो.

ब्लॅकबक, वाहक यांसारखी, गाडी आणि माल यांची गाठ घालून देणारी ॲप्स जरूर ठेवावीत. त्यांचा मोठा उपयोग त्या दिवशीचा चालू भाव कळण्यासाठी होतो. अनोळखी व्यक्तीने भरतीआधी ‘नोंदणी’ किंवा ‘गेटपास’ म्हणून पैसे मागितले, तर देऊ नयेत. भाड्याचा ॲडव्हान्स गाडीवाल्याला मिळायचा असतो, त्याने द्यायचा नसतो.

कागदांची काळजी घ्यावी. मालाची किंमत ५०,००० रुपयांहून अधिक असेल तर साधारणपणे ई-वे बिल (जीएसटीखाली मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद) लागते आणि त्याच्या दुसऱ्या भागात आपल्याच गाडीचा क्रमांक असला पाहिजे. १ जानेवारी २०२१ पासून त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. गाडी वाटेत बंद पडली, तर मुदत संपण्याच्या आधीच्या आठ किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते, हे पुष्कळ चालकांना ठाऊक नसते.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, त्यामुळे कर्नाटकातून येणाऱ्या रिकाम्या गाडीला ‘चारच पोती आहेत, निपाणीच्या पुढे नेऊन टाका, रोख घ्या’ असे सांगणारे भेटतात. बिल्टी नसलेले एकही पोते गाडीत घेऊ नये. एका ओळखीच्या चालकाची गाडी अशाच पोत्यांपायी पोलीस ठाण्याच्या आवारात कित्येक महिने उभी राहिली, हप्ते मात्र चालूच होते.

मालवाहू_चाकण यांचा प्रतिसाद

आपण दोघांनी एवढ्या आत्मीयतेने लिहिले, मनःपूर्वक आभार. मी आजवर परतीचा खर्च जाण्याच्या भाड्यात कधीच मांडला नव्हता. पुढच्या फेरीच्या वेळी तो आकडा कागदावर लिहूनच बोलणी करीन. मार्केट यार्डात याच आठवड्यात जातो. एक शंका उरली आहे. खोबरे भरून कोल्हापूरपर्यंत आलो आणि तेवढ्यात चाकणहून तातडीचा फोन आला, तर काय करावे?

घाटवाट यांचा प्रतिसाद

खोबरे आधी पोचवावे. भरलेला माल वाटेत कुठे ठेवून किंवा दुसऱ्याच्या गाडीत टाकून तातडीच्या फेरीला धावणारे मी पाहिले आहेत, आणि पोती भिजल्यावर किंवा मोजणीत कमी भरल्यावर त्यांचे दोन्हीकडचे गिऱ्हाईक तुटलेलेही पाहिले आहे. चाकणच्या माणसाला खरी वेळ सांगावी: आज रात्री कोल्हापुरात आहे, सकाळी मार्केट यार्डात गाडी खाली होईल, दुपारी दोनला गेटवर लावतो. त्याला तोवर थांबता येत नसेल, तर आपल्या ओळखीच्या चांगल्या गाडीवाल्याचा नंबर द्यावा. माझ्या आजच्या तीन गिऱ्हाइकांपैकी एक मला असाच, दुसऱ्या गाडीवाल्याने माझा नंबर दिल्यामुळे मिळाला आहे. यार्डात मात्र पहाटे लवकर नंबर लावावा आणि हमाली व वाराई (माल उतरवण्याची मजुरी) कोण देणार हे बिल्टीवर आधीच लिहून घ्यावे, म्हणजे गाडी खाली करताना त्यावरून अडून राहावे लागणार नाही.